एकाच बाजूचा टहाळा

ऐका तर मग. पण आधी इराप्पा, तुझ्या तोंडातली ती तंबाखू थुंकून ये बघू. अंगणात नको! तिकडं उकिरड्यावर. तू घाटावरचा, आमच्याकडं पाहुणा आहेस, पण मला पिचकारीचा आवाज सहन होत नाही. का ते पुढं कळेल. बाबल्या, ते झाडं कापायचं मशीन चुलीपासून लांब सरकव, पेट्रोल आहे त्यात. हं. आता बसा जवळ जवळ. वादळानं तारा पाडल्या, आठ दिवस गावात वीज नाही, दिवसभर तुम्ही पडलेली झाडं कापून दमलाय, आणि जेवण झाल्यावर म्हणताय, काकी, भुताची गोष्ट सांग. सांगते. झाडं कापणाऱ्याचीच सांगते.

एक अट आहे. ज्याची गोष्ट आहे त्याचं नाव विचारायचं नाही. मी घेणार नाही. करवत्या म्हणेन, तेवढ्यानं तुमचं भागेल.

तर तेव्हा हे मशीन कुठलं! तेव्हा दोन माणसांची लांब करवत. एक या टोकाला, एक त्या टोकाला. एकानं ओढायची, दुसऱ्यानं सोडायची. आमच्या या करवत्याच्या करवतीचं दुसरं टोक धरायला गडी नव्हता. त्याची बायको होती! हसू नका रे. बारा वर्षं ओढली तिनं. लुगड्याचा काचा मारून रानात जायची, आणि करवत्यानं "सोड!" म्हटलं की करवत सोडून मागं पळायची. का, कशाला, असं विचारायची नाही. रानात विचारत बसलेली माणसं घरी येत नाहीत.

करवत्याचं काम मोठं चोख. पडलेलं, कललेलं, वाकलेलं झाड असलं की लोक त्यालाच बोलवायचे. असलं झाड उभ्या झाडापेक्षा वाईट असतं, मशीनवाल्यांनो, तुम्हीही ऐका. वाकलेल्या झाडाला पोट असतं नि पाठ असते. आतल्या अंगाला, जिकडं ते वाकलं, ते पोट. तिथलं लाकूड दाबलेलं. बाहेरचं अंग म्हणजे पाठ. तिथलं लाकूड ताणलेलं, तटतटलेलं. आधी पोटाला थोडं कापायचं. फट मिटायला लागली की करवत बाहेर. मग पाठीकडून, हळूहळू, आणि तेही पोटाच्या बाजूला उभं राहून. आधीच पाठीला घाव घातलास? मग संपलं! ते झाड पाठीकडं उसळतं, आणि तिकडं उभं असेल त्याचं डोकं जाग्यावर राहत नाही.

करवत्या झाडाला हात लावायच्या आधी दोन कामं करायचा. एक, कोयत्यानं मागच्या अंगाला पळवाट साफ करायचा. एक वेल, एक दगड ठेवायचा नाही. आणि दुसरं, झाडाच्या अंगावर तळहात ठेवून उभा राहायचा. बराच वेळ. लोकांना वाटायचं, झाडाची परवानगी मागतोय. मागत असेलही. पण हाताला कळतं, ताण कुठं आहे ते.

आणि आमच्या रानाचा एक नेम होता. अर्धं कापलेलं, अडकलेलं झाड वाटेवर तसंच टाकून घरी यायचं नाही. अंधार पडला, दोर तुटला, काही झालं नि टाकावंच लागलं, तर वाटेच्या दोन्ही बाजूंनी टहाळा बांधायचा. हिरवी फांदी, आडवी. ती दिसली की बाईमाणूस, गुराखी, कोणीही असो, मागं फिरायचं. दोन्ही बाजूंनी, बरं का! वाटेला दोन तोंडं असतात.

आता ऐका. एका बुधवारची गोष्ट. करवत्या एकटाच निवळीच्या खिंडीत गेला होता. ही खिंड म्हणजे आपल्या गावातून खाली एस.टी.च्या फाट्यावर उतरायची जुनी वाट. बायको माहेरी गेलेली, त्यामुळं करवत घरीच, नुसती कुऱ्हाड नि कोयता घेऊन गेला. ऐनाचं झाड होतं एक, कललेलं; तो ऐन पाडायचा होता. पाडला. पण ऐन जमिनीवर आलाच नाही! शेजारी किंजळीचं तरणं झाड उभं, तिच्या अंगावर जाऊन पडला. किंजळ वाकली, पण मोडली नाही. वाटेवर तिची कमान झाली. वर ऐन टेकलेला, खाली किंजळ वाकून कण्हतेय. कर्र. कर्र. कोणत्याही घडीला सुटेल असं.

करवत्यानं वर बघितलं. दिवस बुडायला आलेला. भूक लागलेली. आणि चोख काम करणारा तो माणूस काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, "उद्या बघू."

गावाकडच्या बाजूला त्यानं टहाळा बांधला. खालच्या बाजूला जायचं तर झाडाला वळसा घालून, करवंदीच्या काट्यांतून उतरायचं. कोण जातंय! संध्याकाळचं फाट्याकडून कोण वर येतंय! असं मनाशी बोलला आणि आला घरी. शी! मला अजून सांगताना राग येतो.

घरी आला, हातपाय धुतले, भाकरीची वाट बघत बसला. बायको गेल्यापासून शेजारची गोदाक्का भाकरी पाठवायची. आज भाकरी येईना. दिवे लागले तरी येईना. मग हा उठून कुंपणाशी गेला. "गोदाक्का, आज चूल पेटली नाही का?"

गोदाक्का म्हणाली, "अहो, आज कशाला पाठवू? आज ती येणार ना! जाताना सांगून गेलीय मला, बुधवारी शेवटच्या गाडीनं येते, मीच येऊन भाकरी टाकीन."

ऐकलंत? शेवटची गाडी फाट्यावर येते दिवेलागणीला. फाट्यावरून वर यायला तासभर. वाट एकच. निवळीची खिंड. आणि खालच्या बाजूला टहाळा नाही!

करवत्या धावत घरात शिरला. कंदील घेतला, कोयता घेतला, सवयीनं कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि निघाला. गोदाक्का मागून ओरडतेय, "अहो, रात्रीचं त्या खिंडीत नका जाऊ, तिथं लोंब्या आहे!" ऐकतो कोण!

लोंब्या कोण, विचारा ना. मी सांगणारच आहे, पण किळस येते त्याचं नाव घ्यायला. माणूस होता तेव्हा तोही झाडंच कापायचा. पण काय घाण काम! तंबाखू खाऊन सगळ्यांच्या प्यायच्या पाण्याच्या घागरीत हात घालायचा. जिथं बसेल तिथं पचाक. झाड अर्धं कापायचा, अडकलं की तिथंच टाकून दारू प्यायला जायचा. "उद्या बघू," हे त्याचं नेहमीचं. त्याच्या एका अडकलेल्या झाडाखाली कोणाची गाभण म्हैस मेली, तर हा तिथं उभा राहून दात कोरत होता. मग एक दिवस त्याचाच दिवस आला. वाकलेलं झाड, नि यानं पाठीला घाव घातला. झाड उसळलं. हनुवटीखाली बसलं आणि याला उचलून एका हेळ्याच्या झाडाच्या बेचक्यात फेकलं. मान अडकली. तीन दिवस लोंबत होता, कारण कोणी शोधायलाच गेलं नाही. उतरवला तेव्हा मुंग्यांनी... जाऊ दे, आत्ताच जेवलाय तुम्ही.

तेव्हापासून तो खिंडीत आहे. त्याला सुटायचं आहे. पण सुटायचं कसं? त्याच्यासारखंच पाठीला घाव घालून दुसरं कोणी तिथं लोंबलं, तरच त्याची जागा भरणार. म्हणून तो माणसाला घाई करायला लावतो. एवढंच करतो तो. घाई.

करवत्या खिंडीच्या तोंडाशी आला. काळोख मिट्ट. कंदिलाचा उजेड चार पावलांपुरता. पावलं झपाझप. आणि वरून काहीतरी पडलं. मनगटावर. पचाक!

कोमट. चिकट. कंदील वर धरून बघतो तर तंबाखूची थुंकी. तपकिरी. वर बघितलं, झाडावर कोणी नाही. पानानं पुसली. पुसली जाईना. पसरत गेली, तार सुटली तिला. आणि वास! कोठीत मेलेला उंदीर आठ दिवसांनी सापडतो ना, तसला वास. करवत्यानं हात मातीत घासला आणि पुढं निघाला. पुन्हा पचाक! या खेपेला मानेवर. सदऱ्याच्या आत ओघळली, पाठीवरून खाली, सावकाश. करवत्यानं सदरा झटकला. पण थांबला नाही. डोक्यात एकच. ती गाडीतून उतरली असेल. ती चढायला लागली असेल.

मग मागून हाक आली. याच्याच नावानं. नाव मी सांगत नाही. "अरे थांब की! मी येतो, मिळून काढू झाड. एकट्याचं काम आहे का ते?"

आवाज तुकारामदादाचा. म्हणजे याचा जुना सोबती, पलीकडच्या वाडीतला. करवत्याला केवढं बरं वाटलं! मागं वळला. अंधारात कोणीतरी उभं होतं, कंदिलाच्या उजेडाच्या जरा बाहेर. "दम खा. तंबाखू घे," असं म्हणत हात पुढं आला. हातात तंबाखूची पिशवी.

करवत्यानं बोट पिशवीत घातलं. बोट आत रुतलं. आत काहीतरी हललं.

पिशवीत तंबाखू नव्हतीच! लाकडातल्या अळ्या. पांढऱ्या, जाड्या, ओल्या. एकमेकींवरून वळवळत होत्या, आणि दोन त्याच्या बोटाला चिकटून वर चढायला लागल्या. करवत्यानं हात झटकला. पिशवी धरलेल्या हाताकडं आता कुठं त्याचं लक्ष गेलं. नखं नव्हती. नखांच्या जागी झाडाची साल होती, आणि सालीखालून पाणी पाझरत होतं. शी! शी शी शी! आणि तुकारामदादा तर त्या वर्षी मुंबईला मुलाकडं होता, हे करवत्याला तेव्हा आठवलं. त्या मेल्या लोंब्यानं वेळ खाल्ला तेवढा खाल्लाच.

पळाला. खाली खाली पळाला. आणि समोर टहाळा आला, त्यानंच बांधलेला. म्हणजे झाड आलं. बाजूनं करवंदीत शिरला, काटे लागले, रक्त आलं, बाहेर पडला, आणि बघतो तर समोर टहाळा! तोच. तीच गाठ. पुन्हा करवंदीत शिरला. पुन्हा बाहेर आला. पुन्हा टहाळा! आता त्याची पानं काळी पडलेली, सडून लोंबणारी, पानांवरून शेंबडासारखं काही गळतंय. संध्याकाळी तोडलेली हिरवी फांदी चार घटकांत सडते कधी? चकवा लावला होता त्यानं. वाट फिरवत होता. आणि मध्ये वेळ जात होता, आणि खालून बायको चढत होती.

इथं दुसरा कोणी असता तर रडत बसला असता. पण हा करवत्या. यानं कंदील खाली ठेवला, डोळे मिटले आणि गुडघ्यांवर बसला. त्या वाटेवर त्यानं बारा वर्षांत किती झाडं पाडली होती! बुंधे तिथंच होते. यानं बुंधे हातानं चाचपले. आपल्या करवतीचा काप हाताला कळतो. जिथं दोघांनी जोडीनं ओढलं, तिथं काप सपाट, पाट्यासारखा. हा जांभळीचा. हा सागाचा. हा धाकट्या ऐनाचा, इथं तिच्या हाताला फोड आला होता म्हणून मध्येच जरा उंचवटा राहिलाय. डोळे मिटून, एकेका बुंध्यावर हात ठेवत, दुसऱ्या हातानं कंदील उचलून धरत तो खाली सरकला. डोळ्यांना चकवा लागतो. हाताला लागत नाही.

आणि आला त्या झाडापाशी. वरच्या अंगाला. कंदील खाली ठेवून डोळे उघडले.

ऐका हं आता. गप्प बसा.

किंजळीची कमान तशीच होती. वर ऐन टेकलेला. कर्र. कर्र. आणि कमानीखाली, वाटेवर, बायको पडलेली! तेच लुगडं. शेजारी माहेरची पिशवी सांडलेली, चुरमुरे मातीत. तिच्या पायावर ऐनाची फांदी.

"अहो, काढा ना," ती रडत होती. "माझा पाय! हाड मोडलं वाटतं. लवकर काढा!"

करवत्याचं काळीज फाटलं. याच्याच हातानं झालं होतं हे. याच्याच आळसानं. कुऱ्हाड खांद्यावरून हातात आली. "थांब, थांब, आलो!"

"किंजळीवर घाव घाला!" ती ओरडली. "वरून! एकच घाव! ती सुटली की ऐन लोळेल नि माझा पाय निघेल. लवकर! लवकर!"

करवत्या किंजळीपाशी गेला. कुऱ्हाड उचलली. आणि डावा हात, सवयीनं, तळहात उघडा करून खोडावर ठेवला. ठेवायचा म्हणून नाही. हात आपसूक गेला.

खोड थरथरत होतं. वरचं अंग, म्हणजे पाठ. साल ताणून चिरत चाललेली, तिच्या आत लाकूड गुणगुणत होतं. इथं घाव घातला, की झाड सुटणार आणि याला घेऊन जाणार.

करवत्या तसाच उभा राहिला, कुऱ्हाड वर. खाली बायको रडतेय. आणि याच्या मनात आलं, वरून घाव घाला? ही म्हणतेय? बारा वर्षं करवतीचं दुसरं टोक ओढणारी बाई? पाय काय, मान अडकली असती तरी ही पाठीला घाव घाला म्हणणार नाही!

हळूच बोलला, "बरं. नीट सांग. घाव कुठल्या अंगाला घालू?"

"पाठीला! पाठीला! घाला ना!" आणि "घाला" म्हणताना तिच्या तोंडातून काहीतरी ओघळलं. लाकडाच्या भुश्याचा लगदा. तपकिरी.

तेवढ्यात खालून, जरा लांबून, दुसरा आवाज आला. "कोण आहे हो वर? कंदील कोणाचा?"

दोन आवाज! दोन्ही तिचे. एक कमानीखालून, एक खालच्या वाटेनं वर येणारा. करवत्या खालच्या वाटेकडं वळला. खालचाही खोटा असला तर? त्यानं तोच प्रश्न ओरडून विचारला. "ऐन किंजळीवर अडकलाय! घाव कुठल्या अंगाला घालू?"

खालून फणकारा आला. "कुठल्याच नाही! रात्रीची कुऱ्हाड कोणी चालवतं का? ठेवा ती खाली! आधी मला बघू द्या कसं पडलंय ते. आणि अडकलंय तर इकडं टहाळा कुठाय?"

बस्स! याला खूण पटली. ही आपली. जीव गोळा करून करवत्या ओरडला, "सोड! मागं पळ!"

आणि ती, का म्हणून न विचारता, पिशवी टाकून मागं वळली आणि पळत सुटली.

कमानीखालचं रडं थांबलं. लुगडं गळून पडलं, ओल्या पाचोळ्याच्या ढिगासारखं. आणि त्यातून तो उठला. लोंब्या. मान हातभर लांब, पिळलेली, तिच्यावर डोकं एका अंगाला लोंबणारं. दोन्ही कानांतून अळंबी उगवलेली. पांढरी, मऊ, आणि बोलताना हलणारी. दात भुश्यानं भरलेले. तो चालत आला नाही, खोडावरून सरपटत वर आला, जिथं अंग लागेल तिथं ओलं करत. करवत्याच्या तोंडाजवळ तोंड आणलं. आणि हसला.

म्हणाला, "माझ्यावर का रागावतोस? मी काय केलं? अर्धं कापून तूच गेलास. 'उद्या बघू' तूच म्हणालास. मी ऐकलं. मला वाटलं, चला, आपला भाऊ आला." आणि त्यानं तो सालीचा हात करवत्याच्या गालावरून फिरवला. मायेनं!

पोरांनो, करवत्या पुढं सांगायचा, थुंकीचं काही वाटलं नाही, अळ्यांचं काही वाटलं नाही. पण तो हात गालावरून फिरला ना, तेव्हा पोटातलं सगळं वर आलं. तिथंच ओकला तो. कारण ते खरं होतं.

मग लोंब्या चिडला. माणूस हातचा गेला म्हणून. उडी मारून ऐनावर बसला आणि नाचायला लागला. एकदा. दोनदा. कर्र कर्र कडाड!

ऐन घसरला. किंजळ सुटली! आणि करवत्या दुपारी साफ केलेल्या पळवाटेनं पळाला. ऐका, दुपारी साफ केलेल्या! तेवढं एक काम त्यानं नीट केलं होतं, म्हणून जगला. एक वेल आडवी आली असती तर मी ही गोष्ट सांगत बसले नसते. मागून किंजळीचा शेंडा फटकन गेला, डाव्या कानाचा वरचा तुकडा घेऊन. कंदील कुठं गेला तो आजवर सापडला नाही. ऐन धाडकन वाटेवर आदळला, खालच्या बाजूला. बायकोनं टाकलेल्या पिशवीवर. पिशवी जिथं होती तिथं ती उभी होती, "सोड" ऐकलं तेव्हा.

आणि लोंब्या? किंजळ ताठ उभी राहिली ना, तिनं त्याला उडवला. वर. कुठं पडला ते दिसलं नाही. पण हेळ्याच्या बेचक्यातून आवाज आला, ओलं फडकं भिंतीवर आपटावं तसा. मग पानांवर काहीतरी टपटप गळत राहिलं, बराच वेळ. पुन्हा तिथंच लोंबला मेला.

बायको अंधारात चाचपडत वर आली. नवऱ्याच्या कानाला हात लागला, हात ओला झाला. पदर फाडून बांधला. मग बसली त्याच्यासमोर. यानं सगळं सांगितलं. थुंकी, पिशवी, चकवा, सगळं. ती ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "खालच्या बाजूला टहाळा बांधला नव्हता ना?"

"नव्हता."

तिला त्या लोंब्याची जेवढी किळस आली नाही तेवढी याची आली. उठली आणि चार पावलं लांब जाऊन बसली. उजाडेपर्यंत तिथंच. जवळ आली नाही. सकाळी दोघांनी दोर लावून, वाटेच्या कडेला उभं राहून, तो ऐन बाजूला काढला. मग महिनाभर तिनं त्याच्या करवतीला हात लावला नाही. हात जोडले त्यानं, मग लावला. पण त्यानंतर तो माणूस "उद्या बघू" हे दोन शब्द मरेपर्यंत बोलला नाही. कशालाच. घरातल्या दिव्याची काच पुसायलाही नाही.

म्हणून सांगते, निवळीच्या खिंडीनं दिवस मावळल्यावर कोणी जायचं नाही. आता दुसरीकडून रस्ता झालाय, कितीही लांब पडू दे, त्यानंच जायचं. हेळा अजून उभा आहे. त्याच्याखाली पावसाळा नसतानाही ओल असते. मी बघितलीय.

काय रे इराप्पा, भिंतीकडं काय बघतोस? हो. फोटोच आहे. फेटा डाव्या कानावर ओढलाय, दिसतोय ना? फोटोवाला म्हणाला होता, सरळ करा. नाही केला. आणि नाव विचारू नको म्हणून मी आधीच सांगितलंय. नवऱ्याचं नाव घेत नाही मी. सवय नाही.

आणि बाबल्या, तू मघापासून चपला का चाचपतोयस? बोल की. ओढ्याच्या वाटेवरचा फणस आंब्यावर अडकलाय तो, ना? संध्याकाळी इथंच अंगणात हात धुताना तुम्ही चौघं काय म्हणालात ते मी ऐकलंय. माझे कान शाबूत आहेत अजून. "उद्या बघू." हसत म्हणालात. माझं जेवण गेलं नाही मग.

टहाळा बांधलात? बरं, बांधलात. किती बाजूंनी?

खाली मान घालू नको. मला सांग, पहाटे अंधारात दुधाची किटली घेऊन ओढ्याकडून वर कोण येतं? रोज? बोल. तुझा बापच ना?

उठा. सगळे उठा. मशीन राहू दे इराप्पा, त्याला हातसुद्धा लावायचा नाही रात्रीचा. कोयता घ्या, बॅटरी घ्या. फणसाखालून जायचं नाही, वरच्या शेतातून वळसा घाला, काटे लागले तर लागू देत. हिरवा टहाळा तोडा, चांगला रुंद, आणि ओढ्याकडच्या तोंडाला आडवा बांधून या. जोडीजोडीनं चला. आणि वाटेत मागून कोणी नावानं हाक मारली, अगदी माझ्या आवाजात मारली, तरी लगेच वळू नका. आधी विचारा, घाव कुठल्या अंगाला घालू? पाठीला म्हणाला, तर पळत सुटा. आधी बघू दे म्हणाला, तर समजा, मीच मागून येतेय.